हसून झालं असेल, तर ऐका

‘ग्रिमेस स्मोकिंग वीड डॉट जेपेग’ हे एका गाण्याचं नाव आहे. कुणाच्या तरी फोनच्या गॅलरीत विसरलेल्या फाइलचं असावं तसं. ग्रिमेस म्हणजे मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातींतला जांभळा, ढेरपोट्या, सदा हसरा प्राणी. २०२२ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या चॅट पाइल या बँडने आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या अल्बमचा शेवट या गाण्याने केला आणि नाव वाचूनच लोक ते एकमेकांना पाठवू लागले. आता गाणं ऐका. जवळपास नऊ मिनिटं. एक माणूस खोलीत एकटा आहे, त्याला जगायचं नाहीये आणि तो जांभळा प्राणी काही केल्या नजरेसमोरून हटत नाही. गाणारा आधी पुटपुटतो, मग विनवतो, मग किंचाळतो. खालची गिटार एकाच जागी पडत राहते, पुढे सरकतच नाही. शेवटच्या मिनिटालाही कुणाला हसू येत असेल, तर त्याने नाव वाचलंय, गाणं ऐकलेलं नाही.

२०२२ चं उदाहरण २०२४ च्या यादीच्या तोंडावर देतोय, कारण मला यंदा एकाच गोष्टीवर भांडायचं आहे. प्रयोगशील रॉकमधलं आजचं सगळ्यात धाडसी काम इंटरनेटच्या चक्रम विनोदाच्या वेशीतून आत येतं आणि आपण वेशीतच फोटो काढून परत फिरतो. मीम पुढे ढकलायला दोन सेकंद लागतात. अल्बमला तास द्यावा लागतो. तो तास ज्यांना द्यायचा नाही, त्यांनी ‘हल्ली नवीन काही होतच नाही’ हे रडगाणं बंद करावं. खूप झालंय. एका वर्षात इतकं झालंय की मला अर्धं गाळावं लागलं.

चॅट पाइलपासूनच सुरुवात. ओक्लाहोमाच्या ईशान्य कोपऱ्यात पिचर नावाचं गाव होतं. आसपास शिशाच्या आणि जस्ताच्या खाणी. धातू काढून उरलेली खडी गावालगत ओतत गेले, ओतत गेले आणि तिचे डोंगर झाले. त्या डोंगरांना तिकडे ‘चॅट पाइल’ म्हणतात. पोरं त्यांच्यावरून घसरगुंडी खेळली. तीच खडी रस्त्यांवर आणि अंगणात पसरली गेली. पुढे मुलांच्या रक्तात शिसं निघालं. बंद पडलेल्या खाणींतलं पाणी वर येऊन टार क्रीक नावाच्या ओढ्यात उतरलं आणि ओढा नारिंगी झाला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हा परिसर सगळ्यात दूषित जागांच्या ‘सुपरफंड’ यादीत घातला. अखेर सरकारने लोकांची घरं विकत घेतली आणि २००९ मध्ये पिचर नगरपालिका म्हणून संपलं. त्या ढिगांचं नाव घेऊन हे चौघं वाजवतात. स्वतःची नावं मात्र रेगन बुश, लूथर मॅनहोल, स्टिन आणि कॅप्टन रॉन अशी ठेवतात. नावं चावट, विषय शिसं. यांना समजून घ्यायचं तर दोन्ही एकदम धरावं लागतं.

यंदाच्या ऑक्टोबरात त्यांचा ‘कूल वर्ल्ड’ आला. पहिल्या अल्बममध्ये राग ओक्लाहोमावर होता. इथे तो जगभर पसरलाय. युद्ध, मेलेली माणसं आणि ते सगळं पडद्यावर बघून जेवायला बसणारे आपण. यावेळी पहिल्यांदा त्यांनी मिक्सिंग बाहेरच्या माणसाकडे, युनिफॉर्म बँडच्या बेन ग्रीनबर्गकडे दिलं. आवाज आता जास्त मोकळा आहे, ड्रमचा प्रत्येक फटका सुटा ऐकू येतो. माझ्या कानाला पहिल्या अल्बमची गुदमर जास्त खरी वाटायची. तरीही ‘मास्क’ आणि ‘शेम’ ही दोन गाणी लागोपाठ लावून बघा. गिटारला चक्क सूर सापडलाय आणि त्या सुरामुळेच वरचं बोलणं जास्त बोचतं. एका गाण्याचं नाव ‘फनी मॅन’ आहे. ते ऐकूनही कुणी हसत नाही.

आता वर्षाचा सर्वोत्तम अल्बम. हा मान वाटून देणार नाही. सिंडी ली यांचा ‘डायमंड ज्युबिली’. बत्तीस गाणी, दोन तास.

२९ मार्चला तो आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हता, ॲपल म्युझिकवर नव्हता, दुकानात नव्हता, बँडकॅम्पवरही नव्हता. यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ होता आणि जिओसिटीजच्या धाटणीचं एक पान होतं. ज्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजलेत, त्यांना जिओसिटीज काय ते सांगायला नको. हौशी लोकांची फुकटची पानं, डोळ्यांत खुपणारे रंग, वेडावाकडा मजकूर. याहूने अमेरिकेतलं ते दुकान २००९ मध्येच बंद केलं. त्या मेलेल्या वस्तीच्या नावाने चालणाऱ्या एका जागेवर पॅट्रिक फ्लेगल यांनी आपला अल्बम ठेवला. खाली लिहिलं की फाइल उतरवून घ्या, जमलं तर ३० कॅनेडियन डॉलर पाठवा. पहिल्या दिवशी बहुतेकांना हा विनोद वाटला असेल. एप्रिलमध्ये पिचफोर्कने त्याला १० पैकी ९.१ गुण दिले. २०२० मध्ये फिओना ॲपलच्या अल्बमला पूर्ण दहा मिळाले होते. त्यानंतर इतके गुण कुठल्याच नव्या अल्बमला मिळाले नव्हते.

या पिचफोर्कची गंमत बघा. जानेवारीतच त्यांच्या मालकांनी, म्हणजे काँडे नास्टने, ते संकेतस्थळ ‘जीक्यू’ या पुरुषांच्या फॅशन मासिकात विलीन करत असल्याचं जाहीर केलं आणि बऱ्याच माणसांना घरी पाठवलं. याच वर्षाच्या सुरुवातीपासून स्पॉटिफायने नियम केला की ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत १००० वेळाही कुणी ऐकलेलं नाही, त्याला मानधनातला छदामही मिळणार नाही. छोट्या बँडांना हा सरळसरळ दरवाजा दाखवणं आहे. डिसेंबरात याच कंपनीने श्रोत्यांना वर्षाचा हिशेब पाठवताना त्यांच्या आवडीला ‘पिंक पिलाटेस प्रिन्सेस’ अशी लेबलं चिकटवली. कुणाचा कान ओळखायचा तर आधी तो काय ऐकतोय ते ऐकावं लागतं. मोजणाऱ्या यंत्राला ते कुठून जमणार? अशा वर्षात एक माणूस यंत्राच्या बाहेर जाऊन पान उघडतो आणि जगभरातून लोक फाइल उतरवून घ्यायला तिथे येतात, ही मला वर्षातली सगळ्यात आनंदाची बातमी वाटते.

पण बातमीवर थांबलात, तर पुन्हा वेशीतच थांबलात. फ्लेगल हे कॅलगरीचे. त्यांचा विमेन नावाचा बँड २०१० मध्ये व्हिक्टोरिया शहरात मंचावरच भांडण होऊन फुटला. त्यातला गिटारवादक क्रिस्टोफर राइमर २०१२ मध्ये वारला. त्यानंतर फ्लेगल यांनी सिंडी ली हे स्त्रीरूप घेतलं. झगमगता ड्रेस, केसांचा विग आणि खूप वरच्या पट्टीतला बारीक गळा. ‘डायमंड ज्युबिली’त १९६० च्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गायनवृंदांची गोड चाल आहे, त्या काळच्या गिटारचा थरथरता सूर आहे आणि सगळ्यावर टेपचा धुरळा आहे. शीर्षकगीतच घ्या. गिटारची एक छोटी ओळ फिरत राहते, तिच्यावर दुसरी ओळ किंचित मागे राहून चढते आणि गळा आत येतो तेव्हा तो पुढे न येता त्या दोन ओळींच्या मागेच उभा राहतो. गायक मागे, गिटार पुढे. शब्द पकडायला तुम्हाला वाकावं लागतं. सगळी गाणी प्रेमाची, सोडून गेलेल्यांची. ‘इफ यू हिअर मी क्रायिंग’पर्यंत पोचताना तास कधीच उलटून गेलेला असतो. लांबीची तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की यातली दहा गाणी काढून उरलेल्यांचा नेटका अल्बम करता येईल, पण मग ते दुःख आटोपशीर होईल. आटोपशीर दुःखाचे अल्बम ढिगाने मिळतात.

वसंतातला दौरा त्यांनी मध्येच रद्द केला. पुढे शरद ऋतूत अल्बम बँडकॅम्पवर आला. २०२४ संपेपर्यंत स्पॉटिफायवर तो नव्हता आणि मला तो तिथे नकोच होता.

४ ऑक्टोबरचा शुक्रवार. एकाच दिवशी जॉर्डी ग्रीप, गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, ब्लड इनकँटेशन आणि द स्माइल यांचे अल्बम आले. दिवाळी पंचवीस दिवसांवर होती, पण माझा फराळ त्या दिवशीच झाला.

ग्रीप आधी. लंडनच्या ब्लॅक मिडी बँडचा हा गायक-गिटारवादक. बँडचं नावच इंटरनेटच्या वेडेपणातून उचललेलं. एका मिडी फाइलमध्ये इतके स्वर कोंबायचे की स्वरलिपीचा कागद काळा दिसावा, असा एक प्रकार २००९ च्या सुमारास जपानी व्हिडिओ संकेतस्थळावर सुरू झाला होता. त्याला ब्लॅक मिडी म्हणतात. माणसाच्या बोटांना वाजवता येणार नाही असं संगीत. ते नाव घेऊन या पोरांनी माणसाच्या बोटांनी जवळजवळ तसंच वाजवून दाखवलं. यंदा ऑगस्टमध्ये ग्रीपने इन्स्टाग्रामवर गप्पा मारतामारता सांगून टाकलं की बँड संपला. चाहते हळहळताहेत तोवर त्याने स्वतःचा ‘द न्यू साउंड’ काढला.

हा अल्बम काही प्रमाणात ब्राझीलमध्ये, साओ पाउलोत, तिथल्या वादकांना गोळा करून ध्वनिमुद्रित केला गेलाय. एकूण तीसहून जास्त वादक. सांबा आहे, फ्यूजन जॅझ आहे, ब्रॉडवेचा दिखाऊ थाट आहे आणि मध्येच दोन मिनिटं असं काही वाजतं की ड्रमवाल्याचे हात किती, असा प्रश्न पडावा. ‘होली, होली’ हे गाणं मी यंदा सगळ्यात जास्त लोकांना हाताला धरून ऐकवलं. एक पुरुष बारमध्ये एका स्त्रीशी फुशारक्या मारतोय. मला सगळे ओळखतात, जगातल्या सगळ्या बायका माझ्यावर फिदा. पितळी वाद्यं त्याच्या बढाया उचलून धरतात, ठेका नाचायला लावतो. तमाशातला सोंगाड्या मिशीवर ताव देत राजाच्या थाटात येतो तसा हा येतो. मग गाणं अर्ध्यावर वळण घेतं. कळतं की हे सगळं ठरवून घेतलेलं नाटक आहे. त्या स्त्रीला त्याने पैसे दिलेत. माझ्याकडे अशी बघ, सगळ्यांसमोर मला भाव दे, मी उंच दिसेन अशी उभी राहा, हे सगळं तोच तिला शिकवतोय. बढाईचा ठेका मात्र तोच राहतो, जराही ढळत नाही. चाल बदलून ग्रीपला दया विकता आली असती. त्याने चाल बदलली नाही. त्या माणसाचं एकटेपण त्याच नाचऱ्या ठेक्यावर उघडं पडतं आणि आपण अजून पाय हलवतोय हे आपल्या लक्षात येतं.

पंचवीस वर्षांच्या पोराने हे लिहावं! पूर्ण अल्बममध्ये असेच पुरुष आहेत. पैसे मोजून जवळीक विकत घेणारे, स्वतःबद्दल खोटं बोलून बोलून तेच खरं मानणारे. ऑनलाइन मर्दानगीचे क्लास चालवणाऱ्यांचं इतकं नेमकं चित्र मी कुठल्याही कादंबरीत वाचलेलं नाही. कुणी या पात्रांवर टाळ्या पिटत असेल, तर तो दोष अल्बमचा नव्हे. मुखपृष्ठावर तोशिओ साएकी या दिवंगत जपानी चित्रकाराचं अंगावर येणारं चित्र आहे, घरी कुणी येणार असेल तर वेष्टन पालथं ठेवा. एकच खोट काढतो. ‘द मॅजिशियन’ बारा मिनिटांचं आहे आणि त्यातली तीन मला जास्तीची वाटतात.

त्याच शुक्रवारचा दुसरा अल्बम आला आणि तिथे विनोद थांबला. माँट्रियलच्या गॉडस्पीडची तीस वर्षांची ख्याती लांबलचक, कोड्यात टाकणाऱ्या नावांची. यंदाच्या अल्बमला त्यांनी नावच दिलेलं नाही. नावाच्या जागी आहे ते असं: ‘१३ फेब्रुवारी २०२४ पर्यंत शीर्षक नाही, २८,३४० मृत’. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने त्या तारखेपर्यंतच्या मृतांचा जो आकडा दिला होता, तो. अल्बम हाती येईपर्यंत तो आकडा कधीच जुना झाला होता. अल्बमचं नाव शोधायला गेलेल्या प्रत्येकाला आकडा टाइप करावा लागतो. प्रत्येक यादीत, प्रत्येक परीक्षणात, प्रत्येक दुकानाच्या फळीवर तो छापावा लागतो. चोपन्न मिनिटांच्या संगीतात जवळजवळ शब्द नाहीत. ‘बेबीज इन अ थंडरक्लाउड’मध्ये व्हायोलिन आणि तीन गिटार एकमेकांवर चढत जातात. अशा चढणीला या बँडकडून आपण सरावलो आहोत, माथ्यावर पोचलं की सुटका होते हेही ठाऊक असतं. यावेळी माथ्यावर सुटका नाही. ‘संगीतात राजकारण नको’ म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, जवळजवळ शब्दच नसलेल्या या अल्बममधून नेमकं काय काढायचं? आकडा?

ब्लड इनकँटेशन थोडक्यात. डेन्व्हरचा डेथ मेटल बँड, बर्लिनचा हान्सा स्टुडिओ, वीस-वीस मिनिटांच्या दोनच रचना, मध्ये टँजरिन ड्रीमचा टॉर्स्टन क्वेश्निंग येऊन सिंथसायझर वाजवून जातो. परग्रहवासी, पिरॅमिड, अवकाशातली दारं हे सगळं इंटरनेटच्या रात्री दोनच्या व्हिडिओंतलं सामान आहे आणि हे चौघं ते मनापासून, पूर्ण श्रद्धेने वाजवतात. ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ ज्याला मेटल सोसत नाही त्याने अवश्य ऐकावा. गुरगुर सहन झाली की पलीकडे सत्तरच्या दशकातलं मोकळं आभाळ आहे.

किम गॉर्डन यांनी सत्तरी ओलांडली आहे. १९८१ मध्ये सोनिक यूथ काढणाऱ्यांपैकी एक, तीस वर्षं त्या बँडचा कणा. ८ मार्चला त्यांचा ‘द कलेक्टिव्ह’ आला. पहिलं गाणं ‘बाय बाय’ म्हणजे प्रवासाच्या बॅगेची यादी आहे. कपडे, औषधं, क्रीम, चार्जरची वायर, एकेक वस्तू थंडपणे वाचून दाखवतात. मागे जस्टिन रेझनने रचलेला ट्रॅपचा ठेका, भिंत थरथरेल एवढा खालचा आवाज आणि त्यावर ओरखडे काढणारी गिटार. व्हिडिओत त्यांची मुलगी कोको घरातून पळून निघालेली दिसते. ‘यादी वाचून दाखवली म्हणजे गाणं कसं?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्या आईला प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री ऐकलेलं नाही. काय घ्यायचं यापेक्षा कशापासून निघायचंय ते त्या यादीत असतं. गॉर्डन ते एकदाही उच्चारत नाहीत. पुढे ‘आय ॲम अ मॅन’मध्ये त्या आपल्यावर फार अन्याय झालाय असं मानणाऱ्या पुरुषाच्या तोंडून बोलतात आणि त्याला अजिबात सोडत नाहीत. ग्रीपच्या पात्रांना हा मोठा भाऊ शोभेल. नोव्हेंबरात या कामाला ग्रॅमीची दोन नामांकनं मिळाली, एक अल्बमला आणि एक ‘बाय बाय’ला. सत्तरीत माणसाने जुनीच गाणी वाजवावीत अशी आपल्याकडची पद्धत आहे. श्रोतेही तेच मागतात. त्यांना हा अल्बम एकदा मोठ्या आवाजात लावून द्यावा.

आता स्टीव्ह अल्बिनी. त्याच्याबद्दल इथे लिहिणं भाग आहे, कारण इंटरनेटवरच्या आजच्या बोचऱ्या विनोदाचा तो एक पूर्वज होता आणि त्या विनोदाचा हिशेब चुकता करणाऱ्या फार थोड्या लोकांपैकीही तो एक होता. शिकागोत त्याचा इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्टुडिओ. हजारो ध्वनिमुद्रणं त्याच्या हातून झाली. निर्वाणाचा ‘इन युटेरो’ त्याने केला तेव्हा रॉयल्टी घ्यायला साफ नकार दिला. नळ दुरुस्त करणाऱ्यासारखे कामाचे पैसे द्या, पुढच्या विक्रीवर माझा हक्क नाही, हे त्याने बँडला लेखी कळवलं होतं. त्याच वर्षी, १९९३ मध्ये, रेकॉर्ड कंपन्या बँडला कसं कंगाल करतात याचा आकडेवार हिशेब त्याने ‘द बॅफलर’मध्ये मांडला. तो आजही वाचावा. स्पॉटिफायचा नवा नियम वाचलात की लगेच वाचावा.

पण याच माणसाने तरुणपणी लोकांना धक्का द्यायचा म्हणून वाटेल ते लिहिलं. १९८७ मध्ये एका बँडला त्याने इतकं किळसवाणं नाव दिलं की ते इथे छापणार नाही. आपण तर पुरोगामी, मग आपल्या तोंडचं विष हे विष नसून विनोदच, असा त्या पिढीचा समज होता. २०२१ मध्ये अल्बिनीने ट्विटरवर उघडपणे लिहिलं की हे सुखवस्तू अज्ञान होतं, त्याची जबाबदारी आमच्यावर आहे आणि मी ती घेतो. सबबी नाहीत. ‘काळच तसा होता’ असं नाही. त्यानंतर तो गप्प बसला असंही नाही. २०२३ मध्ये स्टीली डॅनवर त्याने जी आग ओकली, तिने इंटरनेट आठवडाभर तापलं होतं. फरक एवढाच की आता त्याचे वार गुळगुळीत श्रीमंत आवाजावर होते, दुबळ्यांवर नव्हते.

७ मे रोजी हृदयविकाराने तो गेला, वयाच्या ६१ व्या वर्षी. दहा दिवसांनी त्याच्या शेलॅक बँडचा ‘टू ऑल ट्रेन्स’ आला. तारीख आधीच ठरलेली होती. दहा गाणी, अठ्ठावीस मिनिटं. दहा वर्षांनंतरचा अल्बम आणि एक सेकंद फुकट नाही. बॉब वेस्टनचा बास पोलादी आहे, टॉड ट्रेनरचा ड्रम मोकळ्या जागेत वाजतो आणि त्या दोघांच्या मध्ये अल्बिनीची गिटार पत्रा कापते. ‘स्कॅबी द रॅट’ हे गाणं अमेरिकेतल्या कामगार संघटना मालकाच्या दारात हवा भरून उभा करतात त्या अवाढव्य रबरी उंदरावर आहे. संप मोडणाऱ्यांची टर उडवायला उंदीर! इतका हसरा, इतका बाजू घेणारा विनोद करायला तो शिकला होता. शेवटच्या गाण्याचं नाव ‘आय डोंट फिअर हेल’. योगायोगाने ते निरोपाचं गाणं झालं, पण त्यात हळवेपणा शोधू नका. तो मिळणार नाही.

या सगळ्यात एक अल्बम असा आहे की ज्याला पकडायला विनोदाची मूठच नाही. मीम होईल असं त्यात काही नाही. स्टिल हाउस प्लांट्स हे तिघं ग्लासगोच्या कलाविद्यालयात भेटले. गळा, गिटार, ड्रम. बास नाही. ‘इफ आय डोंट मेक इट, आय लव्ह यू’ एप्रिलमध्ये आला. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की तिघं तीन वेगळ्या खोल्यांत वाजवताहेत. पहिलंच गाणं, ‘एम एम एम’. फिनले क्लार्कची गिटार एक छोटा तुकडा वाजवते, थांबते, तोच तुकडा जरा उशिरा वाजवते. डेव्हिड केनेडीचा ड्रम तिला गाठायला जातो आणि मुद्दाम चुकतो. जेस हिकी-कॅलनबाख खर्जातल्या जाड, उबदार गळ्याने एकच शब्दसमूह पुन्हा पुन्हा म्हणते, दर वेळी जोर वेगळ्या जागी. सम कुठे आहे ते तुम्ही शोधत राहता. चौथ्या-पाचव्या ऐकण्यात कळतं की सम त्यांना पक्की ठाऊक आहे. तिघंही तिच्याभोवती फिरताहेत आणि एकाच वेळी तिच्यावर उतरायचं नाही असं ठरवून फिरताहेत. मग एखाद्या क्षणी तिघं एकत्र उतरतात आणि अंगावर काटा येतो. शास्त्रीय संगीतावर वाढलेल्या कानांना हा अल्बम रॉकवाल्यांपेक्षा लवकर कळेल, असं मला ठामपणे वाटतं. ख्याल ऐकणाऱ्या मंडळींनी तो घ्यावा आणि विलंबितासाठी जो धीर धरता तोच इथे धरावा.

उरलेले दोन भरभर. माउंट इरी म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या बेटावर राहणारा फिल एल्व्हरम. पत्नीच्या मृत्यूनंतर २०१७ मध्ये त्याने केलेला अल्बम मी पुन्हा लावू शकत नाही, इतका तो उघडा आहे. यंदाचा ‘नाइट पॅलेस’ सव्वीस गाण्यांचा. धुकं, पक्षी, माशाशी संभाषण आणि ज्या जमिनीवर आपण राहतो ती मुळात कुणाकडून हिसकावली, याबद्दल रूपकाचा आडपडदा न ठेवता केलेलं बोलणं. कर्कश गिटारच्या भिंतीतून निघून तो एकदम कुजबुजीवर येतो. मोठा अल्बम आहे, ‘डायमंड ज्युबिली’ नसता तर माझ्या यादीत पहिला असता. शू शू (Xiu Xiu) यांच्या अल्बमचं नाव एका खटक्याच्या सुरीवरून ठेवलेलं, पूर्ण ओळभर लांब आहे. आतली गाणी मात्र त्यांच्या मानाने आखूड, गोड आणि चिडकी. जेमी स्टुअर्टचा कापरा आवाज ज्यांना आजवर झेपला नाही त्यांनी ‘कॉमन लून’पासून सुरुवात करावी.

द स्माइल या यादीत नाहीत. त्यांनी यंदा ‘वॉल ऑफ आइज’ आणि ‘कटआउट्स’ असे दोन अल्बम दिले, दोन्ही उत्तम वाजवलेले. रेडिओहेडच्या थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुड यांना वाईट वाजवता येत नाही, हीच माझी तक्रार आहे. सगळं जिथे पडायला हवं तिथे पडतं, एकही गाणं घसरत नाही. ज्या वर्षात एकाने दोन तास मेलेल्या संकेतस्थळावर ठेवले, एकाने चोपन्न मिनिटांना मृतांचा आकडा दिला आणि तिघांनी ठरवून सम चुकवली, त्या वर्षात मी सुरक्षित अल्बमला जागा देणार नाही. रेडिओहेडच्या चाहत्यांनी खुशाल पत्रं लिहावीत. उत्तर हेच मिळेल.